हिरेकट्टीची कोरांटी

असं समजा, तुमच्या पुढ्यात कोरांटीची दोन झुडपं आहेत. एकाला पिवळी फुलं, दुसऱ्याला फिकी जांभळी. पानं जवळपास सारखी. काटे एकाला बोटभर, दुसऱ्याला नावापुरते. तुम्हाला सांगायचंय, की या दोन वेगळ्या जाती आहेत की एकाच जातीची दोन रूपं. नुसत्या डोळ्यांवर विसंबलात तर फसाल, कारण एकाच आईच्या पोटी एक पोर गोरं आणि एक सावळं निघतंच की. म्हणून तुम्ही कोवळं पान तोडता, खलात गरम द्रावण घालून घोटता, क्लोरोफॉर्मच्या वासानं डोकं धरतं तरी घोटत राहता. शेवटी नळीत गार अल्कोहोल ओतलं की पिंजलेल्या कापसासारखं काहीतरी तरंगायला लागतं. तो त्या झाडाचा डीएनए. त्यातले काही तुकडे यंत्रात घालून वाढवायचे, जेलच्या वडीतून विजेच्या जोरावर पळवायचे आणि अंधाऱ्या खोलीत त्या वडीवर जांभळा प्रकाश टाकायचा. मग शिडीच्या पायऱ्यांसारख्या चमकत्या पट्ट्या दिसतात. दर झाडाची शिडी निराळी. एका जातीतल्या झाडांच्या शिड्या भावंडांसारख्या, थोड्या मिळत्या, थोड्या न मिळत्या. दुसऱ्या जातीची शिडी परक्या घरची.

आता असंही समजा, की तुम्ही एका माळावरच्या बावीस झाडांची पानं घोटलीत आणि बावीस शिड्या हुबेहूब एकसारख्या आल्या. भावंडांसारख्या नव्हेत, अगदी तीच शिडी पुन्हापुन्हा छापल्यासारखी. आणि तुमच्या पाठीमागं उभे असलेले मार्गदर्शक सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारतायत, "बेळगुद्री, एकाच नळीतलं बावीस ठिकाणी भरलंस ना?"

वर्षाराणी बेळगुद्री तशी उभी होती. साल दोन हजार, कोल्हापुरातल्या एका कॉलेजचा वनस्पतिशास्त्र विभाग. विचारणारे होते डॉक्टर नृसिंह इनामदार. ती म्हणाली, नाही सर, प्रत्येक नळीवर मी झाडाचा आकडा घातलाय. सर हसले. दारात एमएस्सीची पोरं उभी होती, त्यांच्याकडं बघत म्हणाले, "वडलांच्या आडतीत एका पोत्यातली मिरची दहा पोत्यांत भरत असतील. इथं ते चालत नाही." पोरं हसली. वर्षाराणीही कसनुशी हसली, कारण न हसण्याची तिला सवय नव्हती.

ही पट्ट्यांची भानगड काय होती, ते कळायला चार वर्षं मागं जावं लागेल. गडहिंग्लजच्या पुढं कर्नाटकाच्या अंगाला हिरेकट्टी नावाचं गाव आहे. तिथल्या मल्लाप्पा बेळगुद्रींचा गडहिंग्लजात मिरचीचा व्यापार. घरात आईशी बोलणं कानडीत, दुकानात मराठीत, आणि दोन्हींची खिचडी भांडताना. वर्षाराणी त्यांची एकुलती एक. कोल्हापूरला एमएस्सीला आलेली त्या गावची पहिली मुलगी. मंगळवार पेठेत चिमणाबाई नावाच्या एका विधवेच्या घरी वरची खोली घेऊन राहायची. विभागात तिच्या बोलण्यावर हसणारे पुष्कळ होते, त्यांत सौमित्र पुढं होता. तोही इनामदार सरांचाच विद्यार्थी, तिच्याहून दोन वर्षं मोठा, राजारामपुरीतला, बोलायला मोकळा. तिनं "सर येतावंत" म्हटलं की तो पुढचे आठ दिवस "येतावंत का गं सर?" असं विचारायचा. पण यंत्र बिघडलं की दुरुस्त करून द्यायचाही तोच.

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी प्रत्येकानं आपापल्या गावाकडची झाडं गोळा करून आणायची होती. वर्षाराणीनं दिवाळीच्या सुट्टीत घरामागच्या उतारावरची कोरांटी आणली. नीट, मुळासकट, शिकवल्याप्रमाणे माती झटकून, रद्दीत दाबून. तो उतार म्हणजे गावाबाहेरचा मुरमाड माळ, कुणी नांगरत नव्हतं, गुरंही काट्यांमुळं तिकडं फिरकत नव्हती. इनामदार सरांनी ती कोरांटी भिंगाखाली धरली आणि त्यांचा हात थांबला. फुलाची नळी लांब, पाकळीवर आत जांभळी रेघ, काटे जवळजवळ नाहीत. पुस्तकातल्या कुठल्याच वर्णनाशी जुळेना. ते दुसऱ्याच दिवशी जीप काढून हिरेकट्टीला गेले, उतारावर ती झाडं फुललेली बघितली आणि वर्षभरात नवी जात म्हणून ती छापली. जातीला नाव दिलं गावाचं. वर्णनात पान, देठ, फूल, पुंकेसर सगळं मिलिमीटरमध्ये होतं. फळापाशी एकच वाक्य होतं: फळ आढळले नाही. असं लिहायची या धंद्यात रीत आहे. माणूस फुलांच्या दिवसांत जातो, बोंडं धरायच्या दिवसांत परत जायला त्याला सवड नसते, आणि कुणी विचारतही नाही.

गावाला मात्र आनंद झाला. आपल्या गावाचं नाव लॅटिनमध्ये गेलं म्हणून मराठी शाळेच्या पटांगणात सत्कार ठेवला. इनामदार सरांना फेटा बांधला, शाल-नारळ दिला. वर्षाराणीला पाटावर बसवून शेजारच्या काशव्वानं ओवाळलं. काशव्वा म्हातारी होती, हात कापत होते, निरांजन दोनदा विझलं. वर्षाराणीची आई रत्नव्वा बायकांच्या घोळक्यात मागं उभी होती आणि सारखा पदर सारखा करत होती. परतताना जीपमध्ये सर म्हणाले, बेळगुद्री, आता तू पीएचडी याच झाडावर कर. ही जात वेगळी आहे हे डीएनएनं सिद्ध करून दाखव, मग कॉलेजात जागा निघेल तेव्हा तुझं नाव माझ्या तोंडात पहिलं असेल. वर्षाराणीनं गावी कळवलं, आणि मल्लाप्पांनी ठरत आलेलं लग्न मोडलं. पोरगी डॉक्टर होणार म्हटल्यावर थांबायलाच पाहिजे होतं. म्हणजे एका झुडपाच्या वेगळेपणावर तिचं पुढचं सगळं टांगलेलं होतं, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं.

त्यामुळं त्या बावीस सारख्या शिड्या बघून ती घाबरली ती उगीच नाही.

तिनं सगळं पुन्हा केलं. सर म्हणाले म्हणून सौमित्र शेजारी उभा राहून प्रत्येक नळी तपासत होता. तिनं पन्हाळ्याच्या वाटेवरची पिवळी कोरांटी घेतली, तिच्या शिड्या भावंडांसारख्या आल्या. बागेतली पांढरी घेतली, तीही तशीच. हिरेकट्टीची घेतली की पुन्हा बावीस ठिकाणी तीच एक. आणि आणखी एक गोष्ट सौमित्रच्या आधी तिला दिसली. हिरेकट्टीच्या शिडीतल्या निम्म्या पट्ट्या साध्या पिवळ्या कोरांटीच्या पट्ट्यांसमोर अचूक बसत होत्या. उरलेल्या निम्म्या कशाशीच बसत नव्हत्या. असं संकराचं झाड असतं, अर्धं आईचं, अर्धं बापाचं. तिनं ते मनातच ठेवलं. 

सरांनी निकाल दिला, की पानं तू एकाच झाडाची तोडली असणार. उन्हात फिरायचा कंटाळा. आता सौमित्रला घेऊन जा, त्याच्यासमोर तोड, आणि येताना दोन-तीन झाडं मुळासकट आण, विभागाच्या बागेत लावू. म्हणजे हा तमाशा तरी इथल्या इथं करता येईल.

दोघं एसटीनं गेले. पावसाळा सरत आला होता. वर्षाराणी त्या उतारावर दोन-तीनदा जाऊन आली होती, पण दरवेळी एकेका झाडात डोकं घालून. सौमित्र वरच्या अंगाला जाऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, काय गं, तुझ्या गावची रानटी झाडं एवढी शिस्तीची कशी? आता तिला दिसलं. झाडं ओळीत नव्हती, पण एकमेकांपासून राखून होती, एकातलं दुसऱ्यात घुसलेलं नाही. खाली एक रोप उगवलेलं नाही. मागच्या हंगामाची सुकलेली फुलं होती, पण एकाही फांदीवर बोंड नव्हतं. चार वर्षांत तिनंही कधी बोंड शोधलं नव्हतं. सरांनी लिहिलं होतं, आढळले नाही, आणि ते तिनं पाठ केलं होतं.

सौमित्रनं खालच्या कडेचं एक बुटकं झाड निवडलं आणि टिकाव उचलला. तेवढ्यात रत्नव्वा चढ चढून आली. हातात चहाची किटली होती. ती धापा टाकत त्याच्यासमोर उभी राहिली.

"पावणं, तेवढं सोडा. ते माझ्या थोरल्याचं हाय."

सौमित्रला वाटलं जागेची काहीतरी भाऊबंदकी असेल. तो म्हणाला, मावशी, आम्ही विचारून घेतो, कुठं असतात तुमचे थोरले?  रत्नव्वानं टिकावाच्या टोकाकडं नुसतं बघितलं. वर्षाराणी आईकडं वळली. या घरात थोरली तीच होती. धाकटीही तीच.

"अव्वा," ती म्हणाली, "थोरला कोण?"

मग रत्नव्वा किटली खाली ठेवून दगडावर बसली आणि अर्धं कानडीत, अर्धं पाव्हण्याला कळावं म्हणून मराठीत सांगत गेली. आमच्यात मोठ्या माणसांना गावाच्या खालच्या अंगाला पुरतात, तिथं दगड असतात, नाव असतं. दात न आलेलं लेकरू गेलं तर त्याला नाव नसतं, दगड नसतो. पुरुष माणूस इथं आणून पुरून जायचा आणि पुन्हा विषय काढायचा नाही. दिवस सरले की आई एकटी यायची, आपल्या परसातल्या कोरांटीची फांदी खोवायची, दोन तांबे पाणी घालायची आणि जायची. त्यांच्या गल्लीतल्या बायकांची तेवढीच रीत. कोरांटी कशाला, तर ती मरत नाही, गुरं खात नाहीत, आणि फुलते तेव्हा घरातनं दिसते. वर्षाराणीच्या आधी एक झाला होता, तेरा दिवसांचा होऊन गेला. तिच्या बापालाही आता आठवत असेल की नाही, सांगता यायचं नाही. हल्ली पोरं दवाखान्यात होतात, तिकडचं तिकडं काय ते होतं. आता कोण लावत न्हाय.

वर्षाराणीनं विचारलं, मी मागं नेलं ते?

"ते काशव्वाचं," रत्नव्वा म्हणाली. "ती परड्यातनं बघत हुती की, तू उपटत हुतीस तवा."

"मग तिनं अडवलं का न्हाय? तू तरी बोलायचं हुतंस."

"काय बोलायचं? शिकत्याली पोर तू. म्हटली, ऱ्हाऊ दे, रत्नव्वा, कुणाच्या तर कामाला आलं."

ती कापत्या हातानं ओवाळून गेलेली म्हातारी मागच्या वर्षी वारली होती.

आणि खरी क्रूर गोष्ट पुढं आहे. वर्षाराणीनं ती आपल्या तोंडानं पुष्कळ वर्षांनी एका मैत्रिणीला सांगितली. आई बोलत होती, वर्षाराणीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि त्याच वेळी तिच्या डोक्यात काहीतरी झरझर जुळत होतं. घरच्या परसातलं झाड रोजचं म्हणून तिनं कधी भिंगाखाली धरलंच नव्हतं. एका परसातली फांदी दुसऱ्या परसात, तिथली तिसऱ्या, आणि तिथनं या उतारावर. फांदी म्हणजे तेच झाड. बावीस झाडं नव्हेतच ही. एकच झाड आहे, बावीस ठिकाणी उभं. बी धरत नाही, कारण संकर आहे. तिला भरून आलं होतं आणि तिला आनंदही झाला होता, आणि दोन्ही खरं होतं. सौमित्रनं तर तो लपवलाही नाही. "अगं, कोडं सुटलं की!" तो म्हणाला आणि टिकाव टाकून देऊन खिशातनं पिशव्या काढल्या. त्यानं सगळ्या झाडांची पानं तोडली. थोरल्याच्या झाडाचीही तोडली, दोनच, हळूच, रत्नव्वाची परवानगी मागून. ती हो म्हणाली. पावण्याला न्हाय कसं म्हणायचं.

कोल्हापुरात इनामदार सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शोधणारा म्हणून त्यांचं नाव ज्या चार-पाच जातींच्या पुढं लागत होतं त्यातली ही सगळ्यात नावाजलेली.  मग म्हणाले, "म्हणजे स्मशानातलं झाड उचलून आणलंस आणि माझ्या गळ्यात नवी जात म्हणून बांधलंस."

सर, तुम्हीही आला होता उतारावर, असं ती म्हणू शकली असती. म्हणाली नाही. तिनं एवढंच सांगितलं, की प्रबंधात डीएनएचं प्रकरण मी जसं आहे तसं लिहिते, ही वेगळी जात नाही, एका संकराच्या फांद्या आहेत, असं. सरांनी तिला समजावलं. त्या दिवशी ते तिच्याशी पहिल्यांदाच मऊ बोलले. डीएनएचं प्रकरण गाळ. पानांची मापं, फुलांची मापं, तेवढ्यावर प्रबंध होतो, मी सही करतो, सहा महिन्यांत तू डॉक्टर. जागा निघणारच आहे. आणि ती बायकांची रीत वगैरे, तुमच्याच घरची गोष्ट चारचौघांत कशाला? तुझ्याच आईची लाज काढायची का?

ती दोन दिवस चिमणाबाईच्या वरच्या खोलीत बसून राहिली. तिनं गाळायचं ठरवलंही. मापांचे तक्ते काढून पुन्हा लिहायला घेतले. पण पानांच्या लांबीचा सरासरी फरक लिहिताना तिला हसू यायला लागलं, कारण एकाच झाडाच्या फांद्यांची ती सरासरी होती. फुटपट्टीनं आपलीच बोटं मोजावीत तसं. तिनं डीएनएचं प्रकरण लिहून सरांच्या टेबलावर ठेवलं. सरांनी ते उघडलं नाही आणि सही केली नाही. नोंदणीची मुदत संपली तेव्हा त्यांनी तिला बोलावलंसुद्धा नाही, शिपायाकडून निरोप पाठवला, की प्रयोगशाळेची किल्ली जमा कर.

मल्लाप्पा तिच्याशी वर्षभर धड बोलले नाहीत. पोरीचं लग्नाचं वय गेलं आणि डॉक्टरकीही गेली, मग हातात राहिलं काय, हा त्यांचा हिशेब चुकीचा होता असं कोण म्हणेल? गावात लोक विचारायचे, "झाली न्हवं डाक्टर?" आणि उत्तराची वाट न बघता पुढं जायचे. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात तिला सांडपाणी तपासायची नोकरी मिळाली. रोज सकाळी कंपनीच्या बसनं जायचं, बाटल्या भरायच्या, आम्लता मोजायची, संध्याकाळी परत. काम ती चोख करते. तिथले लोक तिला मॅडम म्हणतात.

दोन हजार सात साली सौमित्रनं फोन केला. तो आता त्याच विभागात अध्यापक होता, जी जागा निघायची होती तिच्यावर. म्हणाला, तुला आमच्याकडनं कळण्याआधी दुसरीकडनं कळू नये म्हणून सांगतो. रविवारी बसस्टँडसमोर चहाला भेटला आणि छापील लेख तिच्या हातात दिला. लेखक इनामदार आणि सौमित्र. हिरेकट्टीची कोरांटी ही स्वतंत्र जात नसून बी न धरणारा संकर आहे, असं डीएनएच्या पुराव्यानं दाखवलं होतं. शिड्यांचा फोटो तिच्या जेलचा होता. डावीकडून तिसऱ्या घरात बुडबुडा आला होता, तो तिनं लगेच ओळखला. स्वतः दिलेलं नाव स्वतः मागं घेणं हे शास्त्रज्ञाच्या प्रामाणिकपणाचं दुर्मिळ उदाहरण आहे, असं संपादकांनी खाली लिहिलं होतं. तिचं नाव कुठंच नव्हतं. एक वाक्य मात्र तिच्यासाठी होतं: मूळ नमुना एका विद्यार्थिनीने लागवडीच्या जागेवरून निष्काळजीपणे गोळा केला होता.

"हे वाक्य सरांचं," सौमित्र म्हणाला. "मी काढा म्हणालो होतो."

"आणि फोटो?"

त्यानं कपातला चहा संपवला. मग म्हणाला, तू तर सोडून गेलतीस.

तिनं भांडण केलं नाही. लेख पुन्हा वाचायला लागली, आणि शेवटच्या परिच्छेदाशी तिचं बोट थांबलं. संकराचा एक पालक पिवळी कोरांटी. दुसरा पालक अज्ञात. एवढंच. तिनं सौमित्रला विचारलं, उरलेल्या निम्म्या पट्ट्या कुणाच्या ते तुम्ही शोधलं नाही? तो म्हणाला, कुठं शोधणार गं, आम्ही ठाऊक असलेल्या सगळ्या जाती लावून बघितल्या. त्याला तो विषय संपलेला वाटत होता. तिला कळलं, की कुठंतरी अजून एक कोरांटी आहे, बोंडं धरणारी, कुणीच न टिपलेली, आणि तिचा निम्मा वाटा त्या उतारावर उभा आहे. ती सापडली तर खरोखरच नवी जात असेल. या वेळी फळासकट.

त्याच आठवड्यात ती गावी गेली आणि आईला विचारलं, आपल्या परसातली कोरांटी आली कुठनं? रत्नव्वा म्हणाली, मी आल्ते तवापासनं हाय. तिची सासू सांगायची, की तिच्या सासूनं, की तिच्याही सासूनं, लग्न होऊन येताना माहेराहून फांदी आणली होती, ओल्या फडक्यात गुंडाळून. गल्लीतल्या सगळ्यांच्या परसात गेली ती तिच्याचकडनं.

"तिचं माहेर कुठलं?"

रत्नव्वा म्हणाली, घटप्रभा नदीच्या पलीकडचं म्हणायचे. डोंगराच्या अंगाचं. मग ती हसली, जरा खिन्नच.

"सुनंच्या म्हायेराचं नाव कोण ध्यानात ठेवतंय बाई? म्हायेराहून आली, एवढंच."

फांदी आणणाऱ्या त्या सुनेचं स्वतःचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. वर्षाराणीनं बापाला विचारलं, चुलत्यांना विचारलं. सात पिढ्यांच्या पुरुषांची नावं त्यांनी धडाधड सांगितली.

आता महिन्यातले एक-दोन रविवार वर्षाराणी पहाटेची एसटी धरते, हद्द ओलांडून पलीकडं उतरते आणि अनोळखी गावांच्या परड्यांतून, बांधांवरून हिंडते. लोकांना वाटतं, ही जमीन बघायला आलेली पाव्हणी. फुलांच्या दिवसांत ती जात नाही. बोंडं वाळायच्या दिवसांत जाते. अजून काही हाती आलेलं नाही. दारात बसलेल्या म्हाताऱ्यांना ती प्रत्येक गावात तेच विचारते: तुमच्या गावातनं फार वर्षांमागं एक पोर हिरेकट्टीला दिलती, जाताना तिनं कोरांटीची फांदी नेलती, ती कुणाच्या घरची होती?